शिंगांवरून भिंतीवर आलेला रंग

बुलडाणा जिल्ह्यातल्या धाब्याच्या घरांना रंग विकत आणावा लागत नसे. गावाजवळच्या खाणीतली पांढरी माती भिजवायची आणि चिंधीच्या पोताऱ्याने बायांनी ती भिंतीवर फिरवायची. खाली गेरूचा पट्टा. दिवाळी तोंडावर आली की घरोघरी हेच काम.

पक्क्या घरांना चुना. भाजलेली चुनकळी पाण्यात पडली की खदखदते. निवल्यावर गाळून तिच्यात डिंक आणि पिवळेपणा मारायला थोडी नीळ. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हा थर पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो, भिंतीतली ओल मात्र अडवत नाही. इतक्या गुणाच्या रंगाला गरिबांचा म्हणून हिणवणं अन्यायाचंच.

डब्यातल्या रंगाला खेड्याची वाट दाखवली ती बैलांनी. १९४२ साली मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. शहरांत विदेशी कंपन्यांचा जम बसलेला, म्हणून ही मंडळी लहान गावांकडे वळली आणि छोटे डबे विकू लागली. पोळ्याला शिंगं रंगवणाऱ्या शेतकऱ्याला तेवढा रंग पुरे! १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी या कंपनीसाठी गट्टू चितारला: हातात ब्रश घेतलेला खट्याळ पोरगा.

शिंगांना लागणारा ऑइलपेंटच दाराखिडक्यांनाही चालतो. पुढे भिंतींसाठी डिस्टेंपर आला, मग इमल्शन. आता खामगाव-मलकापूरसारख्या बाजारपेठांत यंत्र हवी ती छटा मिसळून देतं आणि पोळ्याआधी शिंगांचा रंगही लागतोच.