स्वसंरक्षणार्थ शस्त्रधारणा, भारतातील

स्वतःच्या अथवा दुसऱ्याच्या जीविताचे व मालमत्तेचे रक्षण करण्यासाठी व्यक्तीने बंदूक, पिस्तूल यांसारखी अग्निशस्त्रे बाळगणे, यास स्वसंरक्षणार्थ शस्त्रधारणा असे म्हणतात. बचाव करण्याचा अधिकार आणि त्यासाठी शस्त्र बाळगण्याचा अधिकार या दोन भिन्न गोष्टी होत. भारतीय कायद्याने पहिला अधिकार प्रारंभापासून मान्य केला; दुसरा मात्र कधीही मूलभूत हक्क म्हणून मान्य केला नाही. या विसंगतीचे मूळ ब्रिटिश अंमलात आहे.

मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा तयार केला. येथील लोक अन्याय मुकाट्याने सोसतात, असे मेकॉलेचे मत असल्याने खाजगी बचावाचा अधिकार व्यापक ठेवून त्यांच्यात प्रतिकाराची वृत्ती जागवावी, असा हेतू मसुद्यावरील टिपणांत व्यक्त झाला आहे. ही संहिता १८६० साली संमत झाली. तत्पूर्वी १८५७ चा उठाव होऊन गेला होता व अयोध्या प्रांतात व्यापक निःशस्त्रीकरण झाले होते. त्यामुळे १८६० सालीच शस्त्रांची निर्मिती, आयात, विक्री व वापर यांचे नियमन करणारा स्वतंत्र कायदाही करण्यात आला. एकाच वर्षी प्रतिकाराचा अधिकार देण्यात आला आणि त्याची साधने नियंत्रणाखाली आणण्यात आली.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या कारकीर्दीत १८७८ चा भारतीय शस्त्र अधिनियम झाला. परवान्याविना शस्त्र बाळगणे वा घेऊन फिरणे यांवर त्याने निर्बंध घातले. ‘शस्त्र’ या संज्ञेत तलवारी व भाल्यांसारखी हत्यारेही अंतर्भूत होती. नियमांन्वये यूरोपीय व अँग्लो-इंडियन यांना सूट होती. हिंदी लोकांपैकी ती केवळ काही उच्चपदस्थ व मानकरी यांनाच मिळे. त्याच वर्षीचा देशी भाषांतील वृत्तपत्रांविषयीचा कायदा लॉर्ड रिपनच्या काळात रद्द झाला, पण शस्त्र अधिनियम कायम राहिला. वांशिक भेदभाव नियमांतून दूर होण्यास पहिल्या महायुद्धानंतरचा काळ उजाडावा लागला.

राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या अधिनियमाविषयी ठराव केला. बंदुकीच्या उपयुक्ततेपेक्षा हिंदी माणसावरील अविश्वासाचा व मानहानीचा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा होता. अहिंसेचे पुरस्कर्ते महात्मा गांधी यांनीही १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचे आवाहन करताना या अधिनियमाची कठोर निर्भर्त्सना केली. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी मांडलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी लोकनियंत्रणाखाली अग्निशस्त्रांचे परवाने द्यावेत, ही एक मागणी होती. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्रे बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास असावा, असे नमूद करण्यात आले.

स्वातंत्र्यानंतर ही भूमिका बदलली. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी घटना समितीत शस्त्रे बाळगण्याच्या हक्काचा समावेश करणारी दुरुस्ती सुचविली. तिला उत्तर देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी असे प्रतिपादिले, की परकीय सत्तेने प्रजेस निःशस्त्र ठेवले होते म्हणून पूर्वीची मागणी योग्य होती. ती परिस्थिती आता उरलेली नाही. प्रत्येकास अनिर्बंधपणे शस्त्रे विकत घेता आली, तर राज्यकारभार चालविणे अशक्य होईल. व्यक्तीच्या शस्त्रधारणेच्या हक्कापेक्षा राष्ट्राच्या रक्षणासाठी शस्त्र उचलण्याच्या तिच्या कर्तव्यावर भर द्यावा, असेही त्यांनी सुचविले. दुरुस्ती नामंजूर झाली.

शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. अग्निशस्त्रेतर हत्यारांवरील सरसकट बंधने त्याने शिथिल केली. अग्निशस्त्रासाठी मात्र परवाना आवश्यक ठरविला. संरक्षण वा खेळ यांसाठी किमान वीस इंच नळीची, आटे नसलेली बंदूक आणि पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांच्या परवान्याबाबत अधिनियमाचा दृष्टिकोण तुलनेने उदार आहे. इतर शस्त्रांसाठी सबळ कारण दाखवावे लागते. पोलिसांच्या अहवालानंतर परवाना-प्राधिकारी निर्णय देतो व नकाराविरुद्ध अपील करता येते. एका व्यक्तीजवळील अग्निशस्त्रांची कमाल संख्या १९८३ च्या दुरुस्तीने तीन आणि २०१९ च्या दुरुस्तीने दोन अशी निश्चित झाली. कोडगू (कूर्ग) येथील कोडवा समाजाची ब्रिटिशकालीन सूट २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी चालू ठेवण्यात आली.

शस्त्राचा परवाना म्हणजे ते वापरण्याची मुभा नव्हे. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेतही (कलमे ३४ ते ४४) खाजगी बचावाचा अधिकार मर्यादितच आहे : शासनयंत्रणेचा आश्रय घेण्यास अवधी असल्यास तो उपलब्ध नसतो आणि बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. अर्थात रक्षणाची प्रथम जबाबदारी राज्यसंस्थेने स्वतःकडे घेतली आहे. दूरच्या वस्तीत, जेथे पोलिसांची मदत वेळेवर पोहोचत नाही, तेथे ही जबाबदारी कितपत पार पाडली जाते, यावरच या व्यवस्थेची न्याय्यता अवलंबून राहते.