एचआयव्हीची गोळी अन् वयात आलेलं लेकरू : घरच्यांनी काय करावं?

जन्मापासून एचआयव्ही असलेलं लेकरू लहानपणी आईच्या हातून गोळी गुमान घेतं. तेरा-चौदाव्या वर्षी तेच लेकरू गोळी लपवायला लागतं. "मला काही होत नाही, मग रोज गोळी कशाला?" अशा वेळी 'ताकदीची गोळी आहे' सांगून भागत नाही. गोळ्या वारंवार चुकल्या तर विषाणू वाढतो, पुढे औषधालाही दाद देत नाही.

खरं सांगा : एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाच्या मदतीने आजाराचं नाव सांगा.

वेळ त्यालाच ठरवू द्या : रात्री जेवणानंतर, मोबाईलचा गजर लावून. गावाला जाताना चार गोळ्या जास्तीच्या द्या.

विसरली तर : आठवल्याबरोबर घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत.

शाळेतली लोहाची गोळी : काही एआरटी गोळ्यांसोबत ती कधी घ्यायची, हे केंद्रात विचारा.

रागावू नका : मार बसला की पोरं खोटं बोलतात. चुकलेली गोळी सांगितली तर "बरं केलंस सांगितलंस" म्हणा.

व्हायरल लोड तपासणी चुकवू नका. गोळ्या नियमित घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला अन् तसाच राहिला, तर पुढे शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. लग्न, मुलंबाळं सगळं होऊ शकतं, हेही लेकराला सांगा.

सरकारी एआरटी केंद्रात औषध मोफत मिळतं. २०१७ च्या कायद्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून शाळेतून काढता येत नाही. माहितीसाठी मोफत हेल्पलाइन : १०९७.