परीकथांचे स्त्रीवादी पुनर्कथन आणि ‘मूळ पाठा’चा प्रश्न

लहान मुलांसाठी लिहिल्या जाणाऱ्या स्त्रीवादी परीकथांवर एक आक्षेप वारंवार घेण्यात येतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या कथांची मोडतोड करून त्यांवर आजचे विचार लादणे हा परंपरेचा अधिक्षेप होय, असे आक्षेपकांचे म्हणणे असते. या आक्षेपाच्या मुळाशी एक गृहीतकृत्य आहे : या कथांना एक स्थिर मूळ पाठ असून तो लोकमुखातून जसाच्या तसा आपल्या हाती आला आहे. हे गृहीतकृत्य इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, हे एका सुपरिचित कथेच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ही कथा म्हणजे आजीकडे निघालेल्या लाल टोपीवाल्या मुलीची आणि तिला वाटेत भेटणाऱ्या लांडग्याची. शार्ल पेरो याने १६९७ साली पॅरिस येथे प्रसिद्ध केलेल्या संग्रहात लांडगा प्रथम आजीला व मागाहून नातीला खातो आणि कथा तेथेच संपते. अखेरीस जोडलेल्या पद्यमय बोधात तरुण मुलींना गोडबोल्या पुरुषांपासून सावध केले आहे. जर्मनीत ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या संग्रहात एक शिकारी येऊन लांडग्याचे पोट फाडतो व दोघींना जिवंत बाहेर काढतो; आईची आज्ञा मोडून वाट सोडल्याचा धडा मुलगी मनाशी घेते. पेरोच्या कथेत मुलीला मिळते ती शिक्षा, ग्रिमच्या कथेत मिळतो तो तारणहार. दोन्हीकडे तिचे स्वतःचे कर्तृत्व मात्र शून्य.

परंतु ग्रिम बंधूंच्या पाठात याच कथेला जोडून आणखी एक प्रसंग येतो. दुसरा एक लांडगा छपरावर दबा धरून बसतो. आजीच्या सांगण्यावरून मुलगी सॉसेज उकडलेले पाणी दारापुढील दगडी डोणीत ओतते, त्या वासाने लांडगा घसरून डोणीत पडतो व बुडून मरतो. येथे शिकारी नाही. आजी आणि नात यांची युक्ती पुरेशी ठरते. मुलांसाठी काढलेल्या आवृत्त्यांतून हा प्रसंग बहुधा गाळला जातो. फ्रान्समधील निव्हर्ने प्रांतात सुमारे १८८५ साली टिपून घेतलेला आणि पुढे पॉल दलारू यांनी अभ्यासकांपुढे आणलेला मौखिक पाठही याच दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यात मुलगी शौचाचे निमित्त करून अंगणात जाते, पायाला बांधलेला दोर सोडून प्लमच्या झाडाला बांधते आणि घरी पळून जाते. हा पाठ पेरोनंतर जवळजवळ दोन शतकांनी नोंदला गेला असल्याने तोच मूळ होय, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तथापि आपल्या बुद्धीने सुटणारी मुलगी लोकपरंपरेला परकी नव्हती, एवढे त्यावरून निश्चित होते.

ग्रिम बंधूंच्या संग्रहाच्या १८१२ ते १८५७ या काळात सात आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येक वेळी त्यात फेरफार होत गेले. हिमगौरीचा द्वेष करणारी स्त्री प्रथम तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. रूथ बॉटिगहाइमर यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, सिंड्रेलासारख्या सद्‌गुणी नायिकांच्या तोंडची वाक्येही उत्तरोत्तर कमी होत गेली. सारांश, ज्याला आपण मूळ पाठ समजतो तो स्वतःच संपादनाचे फल आहे. आणि त्या संपादनामागे मुलींच्या वर्तनाविषयी ठाम कल्पना होत्या.

या प्रश्नावर पहिला लक्षणीय वाद अमेरिकेत झाला. १९७० साली ॲलिसन लुरी यांनी असे प्रतिपादन केले की, लोककथांत पराक्रमी व चतुर स्त्रिया विपुल असल्यामुळे त्या मुलींच्या हाती देण्यास हरकत नाही. १९७२ साली मार्शिया लीबरमन यांनी उत्तर दिले : संग्रहांच्या कोपऱ्यात पडलेल्या कथांचा मुलांच्या मनावर परिणाम होत नाही, परिणाम होतो तो सर्वांस ठाऊक असलेल्या मोजक्या कथांचा, आणि त्यांत रूपवती व निष्क्रिय मुलीलाच फळ मिळते. आमच्या मते दोघींचीही बाजू खरी आहे, कारण एकीने भांडाराविषयी सांगितले आणि दुसरीने निवडीविषयी.

पुढील लेखनाचे दोन प्रवाह याच वादातून नीट समजतात. पहिला शोधाचा : रोझमेरी मिनार्ड (१९७५) आणि एथेल जॉन्स्टन फेल्प्स (१९७८) यांनी जुन्या संग्रहांतून कर्तबगार नायिकांच्या कथा वेचून काढल्या. दुसरा नवनिर्मितीचा : इंग्लंडमधील मर्सीसाइड येथील स्त्रियांच्या एका गटाने १९७२ साली लिहिलेल्या कथेत लाल टोपीवाली भित्री मुलगी अखेर स्वतःच लांडग्याला मारते. बॅबेट कोल यांच्या १९८६ च्या चित्रकथेत राजकन्येच्या चुंबनाने राजपुत्राचा बेडूक होतो. ही निव्वळ उलटापालट आहे, आणि तिची गंमत जुनी कथा माहीत असण्यावरच अवलंबून आहे. रॉबर्ट मन्श यांच्या १९८० च्या ‘द पेपर बॅग प्रिन्सेस’ची योग्यता अधिक आहे. तीतील एलिझाबेथ तलवार उचलत नाही. ड्रॅगनची स्तुती करून करून ती त्याला थकविते. ही युक्ती अंगणातील झाडाला दोर बांधणाऱ्या मुलीच्या जातीची आहे.

असे असूनही केवळ एका नव्या कथेने कार्यभाग साधत नाही. ब्रॉन्विन डेव्हिस यांनी ऑस्ट्रेलियातील चार-पाच वर्षांच्या मुलांना हीच कथा वाचून दाखविली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार अनेक मुलांना रोनाल्ड हाच योग्य वाटला. एलिझाबेथने स्वच्छ होऊन, चांगले कपडे घालून यावयास हवे होते, असे त्यांचे मत पडले. मुलाच्या मनात कथेचा साचा आधीच तयार असतो आणि नवी कथा ते त्याच साच्यात बसवून ऐकते. लीबरमन यांचे म्हणणे येथे अनपेक्षित रीतीने खरे ठरते : साचा बदलावयाचा तर पुष्कळ कथा, आणि त्याही वारंवार, कानी पडल्या पाहिजेत.

यावरून स्त्रीवादी पुनर्कथनाचे परंपरेशी असलेले नाते स्पष्ट होते. पाठ बदलण्याचा हक्क पेरो आणि ग्रिम बंधू यांनी निःसंकोच बजावला होता. नव्या लेखिका-लेखकांनी तो आपला हेतू लपवून न ठेवता बजावला, एवढाच फरक. त्यांच्या कृती कलादृष्ट्या कितपत यशस्वी झाल्या, याची चिकित्सा प्रत्येक कथेपुरती स्वतंत्रपणे व्हावी. मूळ पाठाचा दाखला देऊन तिला आधीच निकालात काढणे युक्त नव्हे. मराठीत या कथा मुलांसाठी नव्याने आणणाऱ्या संपादकांनीही आपण कोणत्या आवृत्तीचा पाठ घेतला आणि त्यातून काय गाळले, हे प्रस्तावनेत नमूद करावे. डोणीचा तो प्रसंग परत आणला, तरी पुष्कळ साधेल.