थेम्सकाठची मासळी

लंडनला ग्रीनिचच्या 'ट्रफाल्गर टॅव्हर्न'मध्ये खिडकीशी टेबल मिळालं की खाली थेट थेम्स! १८३७ सालचा हा पब. इथली खासियत व्हाइटबेट, म्हणजे हेरिंग-स्प्रॅटची बोटभर पिल्लं, पिठात घोळवून अख्खीच तळलेली. एकोणिसाव्या शतकात संसदेचं अधिवेशन संपत आलं की लिबरल मंत्री खास इथे येऊन ती हाणायचे. (विरोधक टोरी शेजारच्या 'शिप'मध्ये!)

पण शहराची घाण त्याच नदीत जात होती. १८५८ च्या उन्हाळ्यात खुद्द संसदेला नाक धरावं लागलं. १९५७ पर्यंत तर थेम्स मेलेलीच ठरली. पुढे सांडपाण्यावर नीट प्रक्रिया झाली आणि मासे परतले.

बिल देताना मुठा आठवली. तिच्या काठी बसून तिचाच मासा मागवायची हिंमत आहे आपल्यात?