रानघोड्याचे चित्र

औंढ्याच्या नागनाथाला येणारा भाविक गाभाऱ्याच्या ओढीने येतो. देव भुयारात, वाकून, अंग चोरून खाली उतरावे लागते. त्या घाईत देवळाच्या बाहेरच्या अंगाकडे निवांत पाहायला सवड कोणाला? मी पडलो चित्रकलेचा मास्तर. माझी भक्ती बाहेरच सुरू होई. वरचा भाग मागाहून दुरुस्त झालेला असला तरी खालचे काम यादवांच्या काळातले आहे. शाळेची मुले घेऊन मी तेथे बसे आणि सांगे, "बाळांनो, पेन्सिल हलकी धरा. हत्ती कागदावर आणायचा आहे, दगड नव्हे."

पंचवीसएक वर्षांमागची गोष्ट. ऑक्टोबरातला वन्यजीव सप्ताह होता. दर वर्षी वाघ काढून मुले कंटाळली होती आणि मी पिवळा रंग पुरवून! त्या सुमारास अमेरिकेतल्या मोकाट घोड्यांविषयी कुठेतरी वाचले होते. ते डोक्यात भरलेले. तेव्हा मी विषय दिला, 'रानघोडा वाचवा'. एका मुलीने लगेच विचारले, "सर, रानघोडा कुठं बघायला मिळतो?"

प्रश्न रास्त होता. शिल्पशास्त्रात हत्तींच्या थरावर घोड्यांचा थर सांगितला आहे. पण तो घोडा राजाचा, लगाम घातलेला. आपल्या देशात खरा रानघोडा नाहीच. कच्छच्या रणात घुडखर आहे, ते रानगाढव. त्याच्यासाठी १९७३ मध्ये अभयारण्य झाले. आसामात दिब्रू-सैखोव्याला घोडे मोकळे फिरतात, पण तेही माणसाळलेल्यांचे वंशज. मग मी मुलांना दूरदेशी नेले.

फ्रान्समध्ये लास्को येथे १९४० साली काही पोरांना एक गुहा सापडली. आत हजारो वर्षांपूर्वी रंगवलेले घोडे! पोट फुगीर, पाय आखूड, आयाळ ताठ उभी. असाच दिसणारा, मंगोलियाचा ताखी, खरा रानघोडा म्हणून मानला जातो. तिकडच्या मोकळ्या रानात तो १९६९ नंतर दिसेनासा झाला. प्राणिसंग्रहालयांत मोजके उरले होते. त्यांच्या संततीतून १९९२ मध्ये काही घोडे परत मंगोलियात नेऊन सोडले. चित्र काढणारा केव्हाच गेला, पण ज्याचे काढले तो थोडक्यात वाचला.

प्रत्येकाचे नशीब असे नसते. आफ्रिकेतला क्वाग्गा पुढून पट्टेरी आणि मागून साधा तपकिरी. जणू चितारी अर्ध्यावर उठून जेवायला गेला! १७९३ साली निकोला मारेशाल या चित्रकाराने फ्रान्सच्या राजाच्या संग्रहातल्या क्वाग्ग्याचे सुरेख चित्र केले. पण १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲम्स्टरडॅममध्ये शेवटची मादी मेली आणि जात संपली. चित्र तेवढे राहिले.

अमेरिकेतला मोकाट घोडा मूळचा स्पॅनिश लोकांच्या गलबतांतून गेलेला. मालकाकडून सुटला आणि रानात वाढला. जॉर्ज कॅटलिन हा चित्रकार १८३० नंतरच्या दशकात कोमांचे लोकांच्या मुलखात हिंडला. त्याने हे घोडे आणि त्यांना फासात धरणारे स्वार रंगवले. याच कॅटलिनने १८३२ सालच्या प्रवासात लिहिले, की सरकारने एक मोठे उद्यान राखून ठेवावे आणि तिथला माणूस आणि जनावर आहे तसेच राहू द्यावे. पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते १८७२ मध्ये, चाळीस वर्षांनी. घोड्यांना मात्र आणखी थांबावे लागले. विमाने आणि मोटारी मागे लावून त्यांची धरपकड चाले आणि ते खाटकाकडे जात. नेवाडा राज्यातल्या व्हेल्मा जॉन्स्टन या बाईंनी १९५० साली असा एक ट्रक पाहिला; त्यातून रक्त गळत होते. बाई पेटून उठल्या. १९५९ मध्ये एक कायदा झाला, १९७१ मध्ये दुसरा, आणि त्या दुसऱ्याच्या वेळी शाळकरी मुलांनी ढिगांनी पत्रे धाडली होती. हे ऐकताना माझी मुले ताठ बसली. आपल्याएवढ्या पोरांचे दिल्लीकरांनी ऐकावे, ही कल्पनाच त्यांना नवी!

चित्रे झाली. उधळणारे, शेपटी वाऱ्यावर सोडलेले घोडे. बहुतेक पेटीवरच्या छापील घोड्याची नक्कल. एक धनगराचा पोरगा मात्र वेगळेच काढून बसला होता. बुटके तट्टू, पाठीवर उलटी बाज, बाजेला बांधलेली कोंबडी आणि एक कोकरू तोंड बाहेर काढून. मी म्हणालो, "अरे, विषय काय दिला होता?" तो म्हणाला, "सर, रानघोडाच हाय. आमचा घोडा रानातच ऱ्हातो की."

मुले हसली. मीही हसलो, आणि कागदावर तांबड्या शाईने शेरा मारला: 'विषय सोडून'.

पुढे माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारात हिंडताना मला ते तट्टू आठवे. ज्या मराठी घोडदळाचा आपण अभिमान मिरवतो त्याच्या तट्टांचा वंश सरदारांच्या पागांनी नाही टिकवला, पागा गेल्या. भीमेच्या काठचे ते तट्टू टिकले धनगरांच्या वाड्यांमागून, ओझी वाहत. राजा बढे यांच्या ज्या गीतात या तट्टांचा उल्लेख आहे ते २०२३ मध्ये राज्यगीत झाले. आणि जवळपास त्याच सुमारास कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. त्या पोराचे तट्टू भीमथडीच होते की काय, हे सांगणारा मी कोण? पण वाचवायचे म्हणून जे जनावर मी सातासमुद्रापार शोधत होतो त्याचा भाऊबंद देवळाबाहेरच्या रानात चरत होता, आणि ते एका मुलाने ओळखले होते.

यंदा दसऱ्याला ट्रंक उपसताना त्या वर्षीचा गठ्ठा हाती लागला. तांबडी शाई फिकट झाली आहे, कोंबडी अजून ठसठशीत आहे. मुलगा आता बापई माणूस. मेंढ्या नाहीत, घोडाही नाही, वसमतला दुकान आहे. कागद घेऊन गेलो. त्याने बराच वेळ पाहिला आणि विचारले, "सर, मार्क किती दिलते?"