पंचवीस मिनिटांचा ‘ताजा’ आकडा

1981 साली आयबीएमचा पीसी बाजारात आला, पण मोठ्या कंपन्यांचे खरे हिशेब मेनफ्रेमवरच राहिले. मग छापील अहवाल समोर ठेवून आकडे पुन्हा पीसीवर टंकायचे. टंकून होईतो ते शिळे! पुढच्याच वर्षी ‘आयर्मा’ नावाचं कार्ड आलं. ते पीसीत बसवलं की पीसीच मेनफ्रेमचा टर्मिनल होई. आकडे पडद्यावर आले, पण आपल्या डेटाबेसमध्ये नाही.

खरी अडचण भाषेची होती. ऑरॅकल, सायबेस, डीबी2 असे डेटाबेस, प्रत्येकाशी बोलायची रीत वेगळी. 1989 मध्ये काही कंपन्यांनी ‘एसक्यूएल ॲक्सेस ग्रुप’ स्थापून एक सामाईक रीत ठरवायला घेतली. त्याच कामाच्या आधारे मायक्रोसॉफ्टने 1992 मध्ये ओडीबीसी आणलं. ज्या डेटाबेसशी बोलायचं त्याचा ड्रायव्हर बसवा, प्रोग्रॅम तोच राहू द्या.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचं ‘ॲक्सेस’ हे पीसीवरचं डेटाबेस सॉफ्टवेअर विक्रीला आलं, सुरुवातीची किंमत फक्त 99 डॉलर. त्यात ‘अटॅच्ड टेबल’ होतं. त्याला ‘लिंक्ड’ हे नाव ॲक्सेस 95पासून मिळालं. टेबल आपल्या फाइलमध्ये दिसतं, पण आतल्या ओळी मूळ डेटाबेसच्या सर्व्हरवरच असतात. कारकुनाला हे कळतही नाही, आणि हीच त्याची खुबी.

आतली युक्ती बघण्यासारखी आहे. ॲक्सेसचं ‘जेट’ इंजिन आधी फक्त किल्ल्या, म्हणजे प्रायमरी की, मागवतं. मग पडद्यावर लागतील तशा ओळी त्या किल्ल्या दाखवून आणतं. टेबलाला किल्लीच नसेल तर वाचा, पण हात लावू नका. आणि किल्लीचा आकडा ॲक्सेसला न पेलणारा निघाला, तर सर्व्हरवर ओळ शाबूत असूनही पडद्यावर रांगेने ‘#डिलीटेड’! पहिल्यांदा ते पाहणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो.

अशा जोडलेल्या टेबलातला आकडा ‘लाइव्ह’ म्हणवतो, पण तो शब्दही जरा जपूनच घ्यावा. उघड्या टेबलातल्या ओडीबीसीच्या ओळी किती वेळाने आपोआप ताज्या करायच्या, याचा ॲक्सेसमधला ठरीव आकडा आहे 1500 सेकंद. म्हणजे पंचवीस मिनिटं. सर्व्हर दर वेळी दमू नये म्हणून ही काटकसर; पण ज्याच्यासमोर गिऱ्हाईक उभं आहे त्याला ती कोण सांगणार?

ॲक्सेस 2000ने जेटला बगल देऊन थेट ‘एसक्यूएल सर्व्हर’ या डेटाबेसला जोडणारे ‘एडीपी’ प्रकल्प आणले. गाजावाजा झाला, 2013च्या आवृत्तीत ते काढूनही टाकले. जोडलेली टेबलं मात्र टिकली.

तेव्हा ॲक्सेसवर काम करणाऱ्यांनी उघड्या टेबलातला आकडा कुणाला सांगण्याआधी शिफ्ट आणि एफ9 एकत्र दाबावं. त्याने सर्व्हरला तोच प्रश्न नव्याने विचारला जातो.