घोडबंदर, अरबी घोडे आणि वाऱ्याचे गणित

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावरील घोडबंदर येथे अरबस्तानातून आणलेले घोडे उतरवले जात, असे परंपरा सांगते. पोर्तुगीजांनी तेथे किल्ला बांधला आणि 1737 मध्ये, वसईच्या मोहिमेच्या काळात, तो मराठ्यांनी जिंकून घेतला. दख्खनच्या हवापाण्यात उत्तम युद्धाश्वांची पैदास होणे अवघड असल्याने बहमनी व विजयनगर या दोन्ही राज्यांची भिस्त चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांतून येणाऱ्या घोड्यांवर होती, आणि हा व्यापार मोसमी वाऱ्यांच्या, म्हणजे ऋतूनुसार दिशा बदलणाऱ्या वाऱ्यांच्या, आधारे चाले. नैर्ऋत्य वाऱ्यांचा जोर ओसरू लागला की गलबते पूर्वेकडे निघत, तर परतीसाठी त्यांना हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यांची वाट पाहावी लागे. घोड्यांचा चारा आणि गोडे पाणी गलबतावरच साठवलेले असल्यामुळे वारा पडून प्रवास लांबला, तर जनावरे दगावण्याची भीती असे.

आज मुंबई ते मस्कत हे दोन विमानतळांमधील अंतर बृहद्वृत्ताने, म्हणजे पृथ्वीच्या गोलावरील सर्वांत जवळच्या वाटेने, सुमारे 1,600 किलोमीटर भरते आणि विमान ते अडीच-तीन तासांत कापते. तथापि हिवाळ्यात उंचावरून वाहणारे पश्चिमी वारे मुंबईकडे येणाऱ्या विमानाला साथ देतात व मस्कतकडे जाणाऱ्या विमानाला अडवतात, त्यामुळे एकाच अंतराला जाताना व येताना लागणारा वेळ आजही सारखा नसतो.